कपारीला पाणी

वरच्या अंगाच्या कपारीपायी खाण बंद पडली. त्या कपारीत कुणी तरी कधी काळी गेरूनं जनावरं काढून ठेवली होती, आणि खाली सुरुंग उडाला की वर त्यांच्या खपल्या झडतात, असं शहरातून आलेल्या लोकांनी लिहून दिलं. मग खाणीच्या तोंडाशी तारेचं कुंपण पडलं, पाटी लागली, आणि सुरुंगवाला घरी येऊन बसला.

तसा तो बसणाऱ्यातला नव्हता. उभा जन्म त्यानं दगडाला भोकं पाडण्यात घातला होता. भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावून पळायचं. त्यात कान गेले. आता त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तो बोलायचा तेही शेजारच्या अंगणाला ऐकू जाईल असं. त्या घरात नवराबायकोतलं म्हणून काही आत राहतच नसे. त्यामुळे जे चारचौघांत जायला नको ते त्याची बायको त्याला सांगतच नसे.

घरच्या दोन सुनांतली ती थोरली. धाकटी बांधापलीकडच्या अंगणात. जमीन वाटली, भांडी वाटली, म्हातारा सासरा वाटून घेतला, म्हणजे एक वेळ इकडे जेवायचा आणि एक वेळ तिकडे. विहीर तेवढी वाटता आली नाही. ती दोघांत मिळून राहिली.

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. विहिरीचं पाणी असं खाली गेलं की पोहऱ्याच्या दोराला दुसरा दोर जोडावा लागला, आणि गाठ रहाटावर आली की अडायची. ती हातानं उचलून पुढे ढकलावी लागे. थोरलीच्या अंगठ्याजवळची कातडी त्यानं सोलून निघाली होती.

अशात कपारीतला फोटोवाला खाली आला. तरुण होता, उन्हानं नाक सोललेलं, बोलायला गोड. "आमचा मुक्काम आहे वर. चित्रांचे फोटो काढतोय. पाणी आणून देणारं कुणी मिळेल का? मजुरी देऊ."

सुरुंगवाल्याला ऐकू आलं नाही. त्यानं नुसतं पाहिलं, की ज्याच्यामुळे खाण बंद झाली त्यातलाच हा एक आपल्या अंगणात उभा आहे, आणि तोंड फिरवलं. थोरली म्हणाली, "मी आणीन."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं घागर भरली, चुंबळ डोक्यावर बसवली, कळशी कमरेला घेतली आणि चढाला लागली. वाट मुरमाची. पाय टाकला की खडे घरंगळायचे. मधे एक घळ होती, तिथं मान न हलवता खाली बघायचं म्हणजे कसरतच. वर पोचेपर्यंत मानेची शीर अशी ताठायची की घागर उतरवल्यावरही डोक्यावर ती आहेच असं वाटत राही.

कपार म्हणजे डोंगरानं वासलेला जबडा. आत माणूस उभा राहील एवढी उंची. भिंत काळपट, काजळलेली. थोरलीला काहीच दिसलं नाही. फोटोवाल्यानं तिची कळशी उचलली, ओंजळ भरली आणि भिंतीवर फेकली. मग सबंध कळशीचं पाणीच भिरकावलं.

एवढ्या लांबून आणलेलं पाणी दगडावरून ओघळून मातीत जिरलं. पण तेवढ्यात ओल्या भिंतीतून लाल रंग वर आला. आधी शिंगं आली, मग पाठी, मग पाय. हरणांचा कळप पळत होता. त्यांच्यामागे हातात हात धरलेली माणसं. आणि एका कोपऱ्यात एकटी एक गाय, पोटानं जमिनीला टेकलेली.

"दिसलं?" फोटोवाला म्हणाला. "सुक्यात नाही दिसत. ओलं केलं की रंग खुलतो."

"कुणी काढलंय हे?"

"नाव कुणाला माहीत. हजारो वर्षं झाली."

"आणि ते फक्त पाणी मारल्यावर दिसतं?"

"तसंच म्हणा." तो कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. "लवकर वाळतंय. आणखी लागेल पाणी."

आणि खरंच, ऊन आत येताच हरणं हळूहळू भिंतीत परत गेली. गाय सर्वांत शेवटी गेली.

त्या दिवसापासून थोरली खेपा घालू लागली. एक सकाळची, एक ऊन चढण्याआधीची, एक उतरत्या उन्हाची. आल्यावर ती भिंतीला पाठ लावून बसायची, पिंढऱ्या चोळायची, आणि पाणी पडलं की बघायची. गायीचं चित्र तिला आवडून गेलं. धाकटीची गाय तशीच होती, दिवस भरत आलेली, उठता-बसता कण्हणारी. एकदा फोटोवाला झोपला होता तेव्हा थोरलीनं स्वतःच ओंजळभर पाणी त्या कोपऱ्यावर मारलं, आणि कुणी बघत नाही हे पाहून पोटावरून बोट फिरवलं. दगड थंड होता.

घरी सुरुंगवाला विचारायचा, "एवढं पाणी पितात काय गं ते?"

"आंघोळी करतात," ती ओरडून सांगायची. "शहरची माणसं. रोज लागते त्यांना आंघोळ."

"आंघोळ? आपल्याकडे तोंड धुवायला नाही."

"पैसे देतात ना. त्यांचं ते बघतील."

हे बांधापलीकडे ऐकू जातंय हे तिला ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच ती ते मोठ्यानं सांगायची.

पण धाकटीच्या नवऱ्याचा वर दूध घालायचा क्रम होता. गाय आटल्यावर तो थांबला होता. दुधाचे राहिलेले पैसे आणायला गेला त्या दिवशी त्यानं फोटोवाल्याला कळशी रिकामी करताना पाहिलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकटी विहिरीवर आधीच येऊन उभी होती.

"जाऊबाई, थांबा जरा."

एरवी ती 'ताई' म्हणायची. 'जाऊबाई' म्हटल्यावर थोरलीनं पोहरा काठावर ठेवला.

"काय गं?"

"दगडाला आंघोळ घालता म्हणे तुम्ही. माझी गाय कालपासून रिकामं घमेलं चाटतेय, आणि तुम्ही विहीर उपसून डोंगराला न्हाऊ घालताय."

"मी घालत नाही. ते घालतात. मी नुसतं नेते."

"नेतं कोण? त्यांच्या पायांना काय झालंय?" धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच थोरलीला जास्त लागलं. "खोटं बोलायचं होतं तर निदान बरं खोटं बोलायचं. आंघोळ म्हणे. मी तुमच्या भावजींना म्हणत होते, बिचारी ताई, कुणाकुणाची घाण काढायला पाणी वाहतेय."

"आमच्याकडे दुसरं काय आहे आता? ते बसलेत घरात. तुझा नवरा हिंडतोय, फिरतोय."

"म्हणून माझ्या वाट्याचं पाणी?"

थोरलीनं पोहरा सोडला. दोराची गाठ रहाटात अडकली, ती ढकलायला तिचा हात गेला आणि धाकटीचाही गेला. दोघींनी एकदम हात मागे घेतले. पोहरा मधेच लोंबकळत राहिला.

प्रकरण म्हाताऱ्यापुढे गेलं. तो बांधावर बसला, म्हणजे दोन्ही अंगणांत सारखाच. त्याच्या अंगाला घामाचा आंबूस वास येत होता. कित्येक दिवसांत कुणाच्याच अंगावर पाणी पडलं नव्हतं.

"मामंजी, तुम्हीच सांगा," धाकटी म्हणाली. "चित्रं धुवायला विहीर असते का?"

म्हाताऱ्यानं हनुवटी खाजवली.

"ती कपार मी काय आज बघतोय," तो म्हणाला. "माझ्या बापाची मेंढरं बसायची तिथं. झड लागली की आत शेकोटी. ती काजळी आमचीच आहे. आम्ही पोरं ओलं फडकं भिंतीवर फिरवायचो, की हरणं बाहेर. बाप म्हणायचा, झोपू द्या रे त्यांना, कशाला उठवता."

"म्हणजे तुम्हीपण पाणी लावायचात?" थोरली म्हणाली.

"फडकं ओलं करून. घागरी नाही उपडी केल्या. मग एक बंदूकवाला साहेब आला शिकारीला. त्याला काही मिळालं नाही. जाताना चिडून त्यानं भिंतीवरच्या हरणाला गोळी घातली. अजून भोक असेल. शेजारी आपलं नाव कोरून गेला. मग खाणीचा पहिला मालक आला. कपारीची पलीकडची बाजू त्यानं उडवली, तेव्हा तिथंही चित्रं होती. कुणी हूं की चूं केलं नाही. तीच खडी आपल्या रस्त्यावर पडली. आपण बाजाराला जातो ते हरणांवरूनच जातो."

सुरुंगवाला त्याच्या ओठांकडे बघत होता. "काय म्हणतोय म्हातारा?"

"जुनं सांगतायत," थोरली ओरडली.

"मग पाण्याचं काय?" धाकटी म्हणाली.

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला. "वाटून घ्या. दुसरं काय करणार. सकाळचं थोरलीचं, संध्याकाळचं धाकटीचं. आपापल्या वेळात कुणी गाईला पाजा, कुणी दगडाला. कुणी कुणाला विचारायचं नाही."

ती वाटणी भांडणापेक्षा वाईट निघाली. विहिरीवर जाताना थोरलीला आता रोज मोकळा काठ दिसायचा. इतकी वर्षं तिथं बोलायला कुणी तरी असायचं. दोर धरायला दुसरा हात असायचा. आता गाठ अडकली की ती एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं ढकलायची. तळाचं पाणी गढूळ यायचं, फडक्यातून गाळायला लागायचं. फोटोवाल्याला चिखल चालत नव्हता. गाळून उरलेला चिखलाचा गोळा ती पायानं बाजूला सारायची. तिच्या वेळेचं बहुतेक पाणी वर जायचं. घरात स्वयंपाकापुरतं राहायचं, आणि संध्याकाळी धाकटीला जे मिळायचं ते आदल्या दिवसापेक्षा कमीच असायचं.

गाय व्यायली त्या रात्री बांधापलीकडे धावपळ चालली होती. थोरलीला जाग होती. आधी अशा वेळी ती न बोलावता जायची, हाताला तेल लावून. आता ती अंथरुणात कण्हणं ऐकत पडून राहिली. नवरा शेजारी शांत झोपला होता. त्याचं एक बरं होतं.

सकाळी बांधावरून पाहिलं तर वासरू उभं होतं, पाय फाकून, आणि गाय मान टाकून पडली होती. धाकटी तिच्या तोंडाशी ओलं फडकं पिळत होती. थोरलीनं विचारलं नाही आणि धाकटीनं वर पाहिलं नाही. थोरली घागर घेऊन विहिरीवर गेली. तिची वेळ होती.

तिनं घागर भरली. बांधाशी आल्यावर पाऊल घुटमळलं. मग ती डोंगराला लागली.

वर पोचली तर कपारीत चित्रं तपासायला शहरातून एक नवी बाई आली होती. वयानं थोरलीच्या आईएवढी, केस कापलेले, गुडघ्यावर बसून भिंतीला नाक लावून बघत होती. फोटोवाला बाजूला मान खाली घालून उभा होता. थोरलीला वाटलं, कुणाची तरी वाईट बातमी आलीय.

"हे किती दिवस चाललंय?" बाई त्याला विचारत होती.

"आल्यापासून, मॅडम. फोटोला उठाव येत नव्हता."

"उठाव." बाईंनी एवढंच म्हटलं आणि चष्मा काढून पुसला.

थोरलीनं घागर उतरवली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. "तुम्ही आणता का पाणी?"

"हो."

"इकडे या. हे बघा."

थोरली वाकली. कोपऱ्यात, जिथं गाय होती तिथं, भिंतीवर पांढरी साय धरली होती. पीठ सांडल्यासारखी. तिनं तसलं आधी पाहिलं होतं, घराच्या ओल आलेल्या भिंतीवर.

"लोणा लागलाय," ती म्हणाली.

"हो. तोच. पाणी दगडात मुरतं, आतलं मीठ घेऊन बाहेर येतं, आणि वाळलं की मीठ वर राहतं. रंगाच्या अंगावर. मग रंग त्याच्यासकट सुटतो."

थोरली बघत राहिली. गायीचं पोट जिथं होतं तिथं पांढरं होतं.

"माझ्यामुळे झालं?"

"तुमच्यामुळे कसं? तुम्हाला आणायला सांगितलं, तुम्ही आणलं."

"मीपण मारलं होतं एकदा पाणी. याच कोपऱ्यावर."

बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि काढला. त्या हाताला रागाचा स्पर्श नव्हता, पण 'तुमच्यामुळे नाही' असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

"पुसून निघेल का?"

"कदाचित. कदाचित पुसताना चित्रच जाईल. बघावं लागेल."

"मग दुसरं काही काम? झाडलोट? मी झाडीन रोज."

"झाडायचं नाही. धूळ उडते, ती भिंतीवर बसते." बाईंचा आवाज दमलेला होता. "आता इथं कुणी काहीच करायचं नाही. तसंच राहू द्यायचं. तुमचे आजपर्यंतचे पैसे हा देईल."

फोटोवाल्यानं पैसे दिले. मोजून घ्या म्हणाला. तिनं न मोजता कमरेला खोवले. मग घागरीकडे पाहिलं. ओतून दिली असती तर उतरताना हलकं झालं असतं. पण कुठे ओतणार? तिनं चुंबळ नीट केली, गुडघा टेकला, आणि भरली घागर पुन्हा डोक्यावर घेतली.

भरल्या घागरीनं चढणं तिला सवयीचं होतं. उतरणं नव्हतं. प्रत्येक पावलाला गुडघा मागे ओढल्यासारखा व्हायचा, टाच घसरायची, आणि वरचं पाणी डचमळून मान एका बाजूला न्यायचं. घळीपाशी ती थांबली. तिथं सुरुंगवाला उभा होता.

"उशीर झाला म्हणून आलो," तो म्हणाला. दरीला ऐकू जाईल एवढ्यानं. "भरलेली घेऊन खाली कशी येतेस?"

"घरी सांगते."

"काय?"

"घरी."

त्यानं तिच्या डोक्यावरून घागर उचलली आणि खांद्यावर घेतली, सुरुंगाच्या दारूचं पोतं घ्यायचा तशी. त्याला ती नीट धरता येईना. पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं. ती मागून चालत राहिली आणि ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली.

अंगणात आल्यावर ती घराकडे वळली नाही. बांध ओलांडला. नवऱ्याच्या खांद्यावरून घागर घेतली आणि धाकटीच्या गाईपुढच्या घमेल्यात ओतली. गाईनं मान उचलली. आधी नुसतं नाक लावलं, मग प्यायला लागली, लांब घोट घेत, थांबून थांबून.

धाकटी वासराला धरून उभी होती. "वरचं पाणी?"

"वरचंच."

"अन् त्यांना?"

"नको झालंय."

"काय झालं?" सुरुंगवाला म्हणाला. "मला कुणी सांगेल का काय झालं?"

थोरली त्याच्या कानाशी गेली. हळू सांगून बघितलं. "काम संपलं."

"काय?"

"काम संपलं!" तिला ओरडावंच लागलं. "पाणी मारून चित्रं खराब झाली. लोणा लागला. मी नेलेल्या पाण्यानं."

बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवली. धाकटीचा नवरा गोठ्यातून बाहेर आला. थोरली मधोमध उभी राहिली, डोक्यावर ओली चुंबळ तशीच. लपायला जागा नव्हती.

सुरुंगवाल्याचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे," तो म्हणाला, "माझ्या सुरुंगानं जाईल म्हणून खाण बंद केली, आणि गेलं तुझ्या घागरीनं?"

तो हसत होता. खाण बंद झाल्यापासून तो हसला नव्हता. हसता हसता त्याला खोकला लागला, तो खाली बसला, आणि बसल्यावर त्याचं हसणं थांबलं. थोरलीच्या तोंडावरही हसू आलं होतं. ते पुरतं आलं नाही, आणि ती गोठ्याच्या खांबाला टेकली.

"बसा ताई," धाकटी म्हणाली. "पडाल."

तिनं पालथी टोपली पुढे सारली. थोरली बसली.

"रात्री कण्हत होती," थोरली म्हणाली. "मी ऐकत होते."

"मला ठाऊक होतं तुम्ही जाग्या आहात," धाकटी म्हणाली, आणि वासराचे कान पुसायला वाकली.

त्या संध्याकाळी धाकटीचा पोहरा कोरडाच वर आला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही भाऊ विहिरीत उतरले. गाळ काढायचं तिथंच त्या संध्याकाळी ठरलं होतं, म्हणजे कुणी ठरवलं असं नाही. सुरुंगवाला पहार घेऊन आला आणि म्हणाला, दगड तोडायला बंदी आहे, चिखल काढायला तर नाही. धाकटा त्याच्यामागून उतरला. वर दोघी जावा दोराला.

टोपलं भरलं की खालून दोराला हिसका यायचा. दोघी ओढायच्या. चिखलाचं टोपलं पाण्याच्या पोहऱ्याहून जड. पहिले पहिले कडेचा सुका गाळच आला, भेगा पडलेला, जुन्या पानांचा आणि फुटक्या खापरांचा. दुपारपर्यंत काठावर ढीग लागला. धाकटीच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. थोरलीची मान वळेना, म्हणून ती सबंध अंगानं वळत होती.

"काही लागलं का हो?" थोरलीनं खाली वाकून विचारलं.

खालून पहारीचा आवाज तेवढा आला. त्याला ऐकू जाणार नव्हतं, हे तिला सांगायला नको होतं. तरी तिनं पुन्हा एकदा विचारलं. मग दोराला हिसका आला.

दोघींनी पाय रोवले आणि ओढलं. टोपलं काठाशी आलं. धाकटीनं ते कडेला घेतलं, आत हात घातला, गोळा दाबला. बोटांच्या फटीतून काळं काही तरी ओघळलं.

"ओला आहे," ती म्हणाली.

थोरलीनं हात लावून बघितला. "ओला तर आहे," ती म्हणाली, आणि टोपलं उपडं करून पुन्हा खाली सोडलं.